निवडलेल्या नोंदी काढा

४ फेब्रुवारी

प्रिय पेन्सिल,

इतक्या वर्षांनी माझ्या हातचं पत्र, तेही लहानपणीच्या नावाने, बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्या तुला ठाऊक आहेत. स्वयंपाकघरात उसासा टाकला तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातो, आणि हे आता दिवसभर बाहेरच्या खोलीतच असतात. म्हणून दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या फ्रेमांच्या कपाटामागे बसून लिहितेय. उत्तरही दुकानाच्या पत्त्यावरच पाठव.

तुझ्या भावोजींना रुग्णालयाने निलंबित केलंय. जुने स्कॅन ठेवायचं काम यांच्याकडे, हे तुला माहीत आहेच. माणूस पुन्हा तपासायला आला की डॉक्टर मागचा स्कॅन मागतात, दोन्ही शेजारी लावून बघतात की डाग वाढला, कमी झाला की तेवढाच आहे. तो मागचा स्कॅन शोधून द्यायचा, एवढंच यांचं काम. पण ते 'एवढंच' यांनी सोन्यासारखं सांभाळलं. जुन्या साठ्याची डिस्क घरघर करायला लागली तेव्हा यांनीच वरच्यांच्या मागे लागून नवी डिस्क आणवली. ती आली त्या दिवशी घरी गोड घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी जुन्यावरचं नव्यावर घ्यायला बसले. तिथे चित्रांवर टिचक्या मारायची सोय नाही, सगळं अक्षरं टाइप करून सांगावं लागतं. यांना ते येतं, पण हे कधी आठवणीवर विसंबत नाहीत. आधी मदतीचं पान उघडतात, ओळीवर बोट ठेवून वाचतात, मग टाइप करतात. त्या दिवशीही वाचलं. पानावर लिहिलं होतं: 'एक्स : निवडलेल्या नोंदी काढा.' रोजच्या स्कॅनचा दुसरा प्रोग्राम आहे ना, त्याच्या पानावरही हेच वाक्य, हेच अक्षर. तिथे एक्स म्हटलं की नोंदी बाहेर काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, मूळ जागच्या जागी राहतं. हे हजार वेळा केलंय यांनी. म्हणून इथेही केलं.

दुपारी घरी आले, चपलांसकट आत. मी म्हटलं, "बरं नाही का?"

"सगळं गेलं."

"काय गेलं?"

"मी काढायला सांगितलं, त्याने काढून टाकलं."

एवढंच. त्यानंतर आजपर्यंत त्यांच्या तोंडून मोजके शब्द निघालेत. रुग्णालय म्हणतं, इतका जुना माणूस अशी चूक करूच शकत नाही, म्हणजे मुद्दाम केलं. वरच्यांशी डिस्कवरून वाद झाला होता, त्याचा राग काढला म्हणे. चौकशी बसणार आहे.

हे दोन्ही प्रोग्राम तुमच्या कंपनीचे आहेत, आणि तू तिथे ही मदतीची पानंच लिहितोस असं तुझी आई, माझी मावशी, मागे म्हणाली होती. मला तुझ्याकडून एकच हवंय. ते पान बघ. यांनी जे वाचलं ते तिथे आहे का, एवढं सांग. माझ्या पायाखालची जमीन सरकलीय रे.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळाल्या मिळाल्या बूट काढायच्या आत उघडलं, आणि तसाच ऑफिसला परत गेलो.

भावोजी शंभर टक्के बरोबर आहेत. दोन प्रोग्राम, दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. पानं तिसऱ्याच दोघांनी मराठीत आणली, एकाने एका साली, दुसऱ्याने दुसऱ्या. पहिल्याच्या मनात 'काढा' म्हणजे बाहेर घ्या. दुसऱ्याच्या मनात 'काढा' म्हणजे काढून टाका. दोघांची चूक नाही, चूक असली तर आपल्या भाषेच्या मोकळ्या हाताची. आपण फोटो काढतो तेव्हा एक वस्तू तयार होते, डाग काढतो तेव्हा नाहीशी होते. बँकेत खातं काढतो म्हणजे उघडतो. दात काढतो म्हणजे उपटतो, आणि हसतोही. मुलगा नाव काढतो, आणि हजेरीपटावरून नावही काढतात. घरात बोलताना चालतं, समोरच्याचा चेहरा दिसतो. मशीनपुढे बसलेल्या माणसाला कोणाचा चेहरा दिसणार?

मला या कंपनीत घेतलं तेच पानांत एकसारखेपणा आणायला. एका अर्थाला एक शब्द, एका शब्दाला एक अर्थ. लोक हसतात. जेवताना म्हणतात, हा आला स्वल्पविरामवाला. मी अक्षरक्रमाने चाललो होतो, तुमच्या साठ्याच्या प्रोग्रामपर्यंत पोचायचं बाकी होतं.

आता ऐक, तुझ्यासाठी काय केलं ते. मी दोन दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही. नष्ट होत असेल तिथे सगळीकडे एकच वाक्य घातलं: 'कायमच्या नष्ट करा, परत मिळणार नाहीत.' बाहेर घ्यायचं असेल तिथे: 'प्रत दुसरीकडे ठेवा; मूळ तसेच राहील.' कालच सगळीकडे पाठवूनही दिलं. तुमच्या रुग्णालयातली पानं आपोआप नवी होतात, त्यामुळे एव्हाना तिथेही पोचली असतील. यापुढे कोणाच्याही भावोजींवर ही पाळी येणार नाही.

त्यांना सांग, धीर धरा. चौकशीत पान उघडून दाखवलं की दूध का दूध. आई बरी आहे, अंथरुणातूनच हुकूम सोडते. तिला उठवून बसवायला आता एक बाई येतात.

तुझा,
पेन्सिल


२० फेब्रुवारी

पेन्सिल,

चौकशी सोमवारी झाली. घरच्यांना आत येऊ देत नाहीत, मी बाहेर बाकावर होते, पण दार नीट लागत नाही तिथलं.

समितीच्या अध्यक्षबाई चांगल्या वाटल्या. त्यांनी यांना विचारलं, "तुम्ही पान वाचलं होतं?"

हे म्हणाले, "हो. बोट ठेवून वाचलं."

"काय लिहिलं होतं?"

"निवडलेल्या नोंदी काढा."

मग संगणक विभागातल्या कोणीतरी तिथेच पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "एक्स : निवडलेल्या नोंदी कायमच्या नष्ट करा, परत मिळणार नाहीत."

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, आणि ते वाचून मी चार दिवस खुशीत फिरत होते. माझ्याही डोक्यात नाही आलं रे. तू एवढ्या मायेने पान दुरुस्त केलंस आणि यांच्याकडचा एकुलता एक पुरावा पुसून टाकलास.

हे म्हणाले, "त्या दिवशी असं नव्हतं."

संगणकवाला म्हणाला, "साहेब, पान काय आपोआप बदलतं का?"

कोणीतरी हसलं. बाहेर आले तेव्हा यांचा चेहरा असा होता की मी चालतानाच तुझं पत्र काढून दाखवलं. म्हटलं, हे बघा, पेन्सिलनेच बदललंय, तुमचंच खरं आहे. यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, "तुझा भाऊ आहे. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल." मी समितीकडेही नेलं. अध्यक्षबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, हे घरगुती पत्र आहे, वर नातेवाइकाचं. कंपनीचं काही आणा."

त्याहून वाईट पुढेच आहे. यांना आता स्वतःच्या वाचण्यावर भरवसा राहिलेला नाही. औषधाची बाटली माझ्यापुढे धरतात, "यावर काय लिहिलंय, वाच." बसची पाटी वाचून घेतात. परवा दुकानात आले, म्हणाले, माझा नंबर तपास. मी खुर्चीत बसवलं. तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ यांनी न अडखळता वाचली. मी म्हटलं, "डोळ्यांत काही नाही तुमच्या." तर विचारतात, "पण मी वाचलं तेच तिथे आहे ना?" मी भिंगं एकेक करून परत खोक्यात लावली.

आणि एक बस ड्रायव्हर घरी येऊन गेला. त्याच्या छातीच्या स्कॅनमध्ये डाग दिसलाय. मागच्या वेळचा स्कॅन साठ्यात होता, तो गेला, त्यामुळे डाग जुना की नवा ते कळेना. जुना असता तर सोडून दिला असता. आता डॉक्टर म्हणतात, थांबण्यात धोका आहे, उघडून बघू. मला वाटलं भांडायला आलाय. तो टोपी मांडीवर ठेवून बसला आणि यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही माझा जुना स्कॅन कधी बघितला असेल ना? डाग होता का हो तेव्हा?"

हे म्हणाले, "मी चित्रं बघत नाही. मी फक्त ठेवतो."

तो म्हणाला, "असं होय," आणि पाणी पिऊन गेला. त्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.

पेन्सिल, कंपनीच्या कागदावर मला एक ओळ हवी. आधी पान असं होतं, अमुक दिवशी बदललं. एक ओळ. समिती महिन्याभरात निकाल देईल.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

काय लिहू. तुझं पत्र हातात घेऊन मी जिन्यात बसलो होतो, लोक वळसा घालून जात होते.

मी जे केलं त्याच्या तळाशी एक ओळ टाकायला हवी होती, की या जागी आधी हे होतं. तेवढं केलं असतं तर भावोजींना त्या खोलीत कोणी हसलं नसतं. मला वाटलं, चूक पुसली की काम झालं.

जुनं पान मात्र नाहीसं झालेलं नाही, ते आमच्याकडे आहे. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते सगळं राहतं. आत्ता लिहितोय तेव्हा ते माझ्या डोळ्यांसमोर आहे, तारखेसह. पण ते कंपनीच्या बाहेर न्यायला परवानगी लागते. मी आमच्या मुख्य बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं.

म्हणाल्या, "पान सुधारलंस हे चांगलं केलंस. पण जुनं कसं होतं, हे आपल्याला रुग्णालयाने विचारलंय का?"

मी म्हटलं, "एका माणसाची नोकरी जातेय."

"आणि आपण लेखी दिलं की आपल्या पानामुळे स्कॅन गेले, तर काय काय जाईल? शिवाय तो तुझा नातेवाईक. तू स्वतः काही पाठवू नकोस. मी वकिलांना विचारते."

तेव्हा थोडं थांब, ताई. वकिलांचं उत्तर येऊ दे. सरळ मार्गाने आलं तर त्या कागदाला वजन राहील, नाहीतर पुन्हा नातेवाइकाचं पत्र म्हणून बाजूला पडेल. मी रोज त्यांच्या दारावर जातोय. आईचं सगळं या नोकरीवर चाललंय, हे तुला वेगळं सांगायला नको. पण ते कारण म्हणून सांगत नाहीये.

भावोजींना माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस.

पेन्सिल


६ मार्च

चि. भावास,

तुझं पत्र मिळालं. वकिलांना विचारतोयस हे वाचून समाधान झालं. घर जळत असताना विहिरीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघून घ्यावं, हे बरोबरच.

'थोडं थांब' या दोन शब्दांचा तरी एकच अर्थ आहे. तो मला कळला.

निकाल यायच्या आधीच यांचं नाव हजेरीपटावरून काढलंय. तू मात्र कंपनीत नाव काढशील, तशी तुझी पानं सुंदर आहेत.

यांची तब्येत ठीक आहे. यापुढे विचारायचं कारण नाही. मावशीला सांग की माझं सगळं छान चाललंय.

ताई


२ एप्रिल

ताई,

सोबत तीन कागद आहेत. पहिला म्हणजे साठ्याच्या प्रोग्रामचं जुनं पान, भावोजींनी त्या दिवशी वाचलं तेच. दुसरा म्हणजे आत्ताचं पान. तिसऱ्यावर बदल कधी झाला आणि कोणी केला ते आहे, आणि तिथे माझंच नाव आहे. हेच तिन्ही कागद, माझ्या सहीच्या निवेदनासह, अध्यक्षबाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवलेत. मी कोणाचा कोण लागतो, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हटलंय की शंका असेल तर मला समोर बोलवा, मी येतो, पाहिजे तर कंपनीकडून मूळ मागवून ताडून बघा.

वकिलांचं उत्तर आलं होतं. त्याचं इथे काही लिहीत नाही.

भावोजींना पहिला कागद त्यांच्या हातात दे. त्यावर 'काढा' लिहिलंय. त्यांनी बोट ठेवून जे वाचलं, तेच तिथे होतं. त्यांच्या डोळ्यांत काही नाही आणि डोक्यातही काही नाही.

तुझा टोमणा जिथे बसायचा तिथे बसला. तो माझ्याच पत्रातून घेतलास, हे विशेष.

मी सध्या रजेवर आहे, घरी आईजवळ असतो. तिच्या बाईंना काही दिवस सुट्टी दिलीय, मीच आहे म्हटलं.

पेन्सिल


११ मे

माझ्या पेन्सिल,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता जसं झालं तसं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

आधी मी तुझ्यापासून लपवलेलं. यांची तब्येत ठीक आहे असं मी मार्चमध्ये लिहिलं, ते खोटं होतं. तेव्हा हे रोज सकाळी घराबाहेर पडायचे आणि अंधारून आल्यावर परतायचे. कुठे जाता विचारलं तर "जाऊन येतो" एवढंच. जेवायचे नाहीत. माझ्या मनात नाही नाही ते यायचं. पूल आला की मी खाली बघायला लागले होते. तुला लिहिलं त्या दिवशी मी दुकानात न जाता यांच्या मागे निघाले होते आणि बाजारात चुकामूक झाली. त्या रागात ते पत्र लिहिलं. तो राग तुझ्यावरचा नव्हता, पण मिळालास तूच.

मग एक दिवस एका दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना इथे चक्कर आलीय, घेऊन जा." धावत गेले. हे बाकावर पडले होते आणि छातीशी एक भलंमोठं पाकीट धरलेलं. त्यात फिल्म होत्या. लोकांच्या जुन्या फिल्म, रे.

लोकांना स्कॅनची फिल्म छापून देतात ना, ती घरोघर कपाटांच्या वर, गाद्यांखाली पडलेली असते. हे एकेकाच्या दारात जाऊन ती मागत होते. निलंबनाच्या दुसऱ्या आठवड्यापासून. मी म्हटलं, "नावं कुठून मिळाली तुम्हाला?" म्हणाले, "मी रोज तीच शोधायचो. पाठ आहेत." कोणी फिल्म दिली, कोणी दार लावून घेतलं. एका घरी सांगितलं की तो माणूस गेला, आता काय करायचंय फिल्मचं, तर हे तिथे पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते म्हणे. जमलेलं पाकीट रुग्णालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याकडे द्यायचे, कारण यांना आत सोडत नव्हते.

तुझे कागद आले तेव्हा हे घरी होते. मी पहिला कागद हातात दिला. यांनी बोट ठेवलं, वाचलं, आणि माझ्याकडे दिला. "वाच." मी वाचलं, निवडलेल्या नोंदी काढा. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग कागद घेतला आणि आत जाऊन दार लावलं. रडल्याचा आवाज आला. लग्नापासून आजवर मी तो आवाज ऐकला नव्हता. मी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि कुकर लावला, दुसरं काय करणार होते.

समितीने कंपनीकडून मूळ मागवून ताडून बघितलं. लांबलेला निकाल आला. 'हेतू सिद्ध होत नाही. पानावरील शब्द दुहेरी अर्थाचा होता.' यांना परत घेतलं, पण साठ्याच्या खोलीत नाही. आता दारात बसून आलेल्यांना नंबर देतात. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भावाने सही केली म्हणून झालं. कंपनीने तर आधी कळवलं होतं की असं काही पान नव्हतंच."

ते ऐकून मी तुझ्या ऑफिसात फोन केला. आभार मानायला. पलीकडची मुलगी म्हणाली, "ते आता इथे नाहीत." मी म्हटलं, "रजेवर आहेत ना?" ती म्हणाली, "मार्चअखेरीपासून नाहीत." म्हणजे समितीला पाकीट पाठवलंस तेव्हाच नोकरी गेली. माझ्यापासून लपवायला तू शिकलास कधी? आणि मावशीच्या बाईंना सुट्टी दिलीय म्हणे.

आता त्या ड्रायव्हरचं सांगते. त्याचं ऑपरेशन फेब्रुवारीअखेरीसच झालं. फुप्फुसाचा तुकडा काढला, आणि वाईट निघालं ते. पण यांच्या मनातून काही जाईना. वाईट असलं तरी डाग जुनाच असला तर? डॉक्टरांना जुना स्कॅन दिसला असता तर त्यांनी वेगळं काही ठरवलं असतं तर? कोणी सांगून ऐकेनात. त्याची फिल्म त्याच्या घरी नव्हती, पुरात घर भिजलं तेव्हा गेली होती. हे बस डेपोच्या डॉक्टरांकडे खेटे घालत राहिले. नोकरीच्या तपासणीसाठी तिकडे त्याच स्कॅनची एक फिल्म दिलेली असणार, हे यांनीच शोधून काढलं. ती मागच्या आठवड्यात मिळाली. रुग्णालयातल्या मोठ्या सर्जननी उजेडावर धरून बघितली. म्हणाले, "स्वच्छ आहे. तेव्हा डाग नव्हता. म्हणजे नवाच, आणि झपाट्याने वाढलेला. उघडलं तेच बरोबर होतं."

ते सांगायला रविवारी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. तो पलंगावर उशांना टेकून बसला होता, निम्मा झालाय. बायकोने खुर्च्या पुढे केल्या. यांनी फिल्म दाखवली, सर्जन काय म्हणाले ते सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे डाग नवाच."

"हो."

"जुना स्कॅन असता तरी कापलंच असतं."

"हो. कापलंच असतं."

मी यांच्याकडे बघत होते. किती महिन्यांनी यांचा चेहरा सैल पडला. खांदे खाली आले, श्वास सुटला, ओठांवर हसू यायला लागलं. ते यायला लागलं आणि यांना कळलं की आपण कुठे बसलोय. ते हसू तिथल्या तिथे गोठलं. त्या माणसाने ते सगळं बघितलं. मग त्याने यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, खूप दम लागत होता त्याला, आणि म्हणाला, "चला. तुमचं तरी सुटलं."

त्यात टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर बरं झालं असतं.

जिना उतरताना हे मधल्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "मला बरं वाटलं गं. त्याच्या पलंगाशी बसून मला बरं वाटलं."

त्यानंतर हे पुन्हा बोलेनासे झालेत. कामावर जातात, नंबर देतात, येतात. काल एकदा तुझं नाव घेतलं, "त्याचं कसं चाललंय?" म्हणून आज हे लिहायला बसले.

मावशीला घेऊन इकडे ये. दोन खोल्यांत कसे मावू ते मावू. मी एकटीने हे घर ओढून थकलेय, आणि तूही तिकडे एकट्याने ओढतोयस. बाहेरच्या खोलीत तिचा पलंग बसतो, मी पावलांनी मापून बघितलंय. येतो म्हणून कळव. थोडं थांब म्हणून लिहू नकोस.

तुझी,
ताई